कधीच न भरणारी टाकी

पत्राचा सारांश: पुणे महापालिकेच्या हद्दीत अलीकडे आलेल्या एका गावातून ६१ वर्षांच्या ताई लिहितात. एकाच आवारात तीन भावांची तीन घरं आहेत. थोरले दीर रस्त्यालगत राहतात, धाकटे मधल्या घरात. ताईंचं घर सगळ्यात मागे, उताराला. त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. आता मुलगा, सून आणि पाच महिन्यांचं नातवंड असं कुटुंब आहे. आवारात थोरल्या दिरांनी स्वतः उभं राहून १९८६ साली खणून घेतलेली विहीर आहे आणि तिन्ही घरं तिचंच पाणी पितात. सेप्टिक टाकी मात्र प्रत्येकाची वेगळी. गेल्या वर्षी समोरच्या रस्त्यात पाण्याची आणि ड्रेनेजची अशा दोन्ही लाइनी आल्या. धाकटे दीर म्हणतात, दोन्ही जोडण्या लगेच घेऊ. थोरल्यांचं म्हणणं वेगळं आहे: 'चाळीस वर्षं हेच पाणी पितोय, कुणाला काही झालं नाही. माझी टाकी चोवीस वर्षांत एकदाही उपसावी लागलेली नाही. महापालिकेचं पाणी येणार एक दिवसाआड, ड्रेनेज पावसाळ्यात घरात उलटणार, आणि पट्टी वाढेल ती वेगळीच.' ताईंच्या घराची लाइन थोरल्यांच्या अंगणातून, त्यांनी लावलेल्या जांभळाजवळून न्यावी लागणार आहे. ताई विचारतात: 'जोडणी घ्यावी की नाही? आणि घ्यायची, तर घर न मोडता कशी घ्यावी?'

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी रेघ मारून ठेवली आहे. 'टाकी चोवीस वर्षांत एकदाही उपसावी लागलेली नाही.' पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाच्या कामात मी तीस वर्षं काढली. हे वाक्य मी कितीतरी अंगणांत ऐकलंय, आणि दर वेळी ते अभिमानानं सांगितलं जातं. टाकी चांगली बांधली, म्हणून ती भरत नाही, असा त्यातला समज. खरं तर जी टाकी कधीच भरत नाही, तिची काळजी करायला हवी.

सेप्टिक टाकीचं काम साधं असतं. संडासातून आलेला मैला तिच्यात थांबतो, जड भाग तळाशी बसतो, त्यातला काही भाग कुजून जिरतो आणि वरचं गढूळ पाणी पुढे शोषखड्ड्यात जातं. तळाशी बसलेला गाळ मात्र कुठेही जात नाही. तो साठत राहतो, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसून घ्यायची असते. चोवीस वर्षांत उपसा करावाच लागला नाही, याचे अर्थ दोन-तीनच निघतात. एकतर टाकीचा तळ पक्का केलेला नाही किंवा तो तडकलेला आहे. नाहीतर गाळ केव्हाच काठोकाठ भरलाय आणि मैला न थांबता सरळ शोषखड्ड्यात जातोय. काही ठिकाणी जुन्या गवंड्याने टाकीचा पाइप गुपचूप ओढ्याकडे काढून दिलेला असतो. कसंही असलं, तरी चोवीस वर्षांचा मैला गेला कुठे, हा प्रश्न उरतोच. तुमच्या आवारात तो जमिनीत गेला असण्याचीच शक्यता जास्त.

आणि तुमची जमीन कशी आहे? पुण्याच्या आसपास वर हातभर-दोन हात माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. जाड मातीतून सांडपाणी हळूहळू झिरपलं, तर माती ते बऱ्यापैकी गाळते. काळ्या पाषाणात तसं होत नाही. पाणी भेगांमधून धावतं आणि भेग काहीच गाळत नाही. भावजींनी विहीर खणून घेतली तेव्हा कुठल्या बाजूच्या भेगेतून झरा फुटला, हे त्यांना आजही आठवत असेल. त्याच भेगा शोषखड्ड्याच्या तळाशीही असू शकतात. आपल्याकडच्या मानकांनुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर, म्हणजे साधारण साठ फूट लांब हवा. भेगाळ खडकात तेवढं अंतरही पुरेलच असं नाही. तरी एकदा टेप घ्या आणि विहिरीच्या कठड्यापासून तिन्ही टाक्यांपर्यंत आणि शोषखड्ड्यांपर्यंत मोजून बघा. तुम्ही लिहिता की आवार मागच्या बाजूला उतरतं. मग वरच्या दोन टाक्या विहिरीच्या चढावर आहेत की उतारावर, हेही त्याच वेळी लक्षात येईल.

आता 'चाळीस वर्षं कुणाला काही झालं नाही' याबद्दल. हे भावजी खोटं सांगत नाहीत. पण १९८६ साली त्या विहिरीभोवती काय होतं, ते त्यांनाच विचारा. एक घर, माणसं चार-पाच, चारी बाजूंनी शेतं. आज तिन्ही घरांत मिळून तेरा माणसं आहेत असं तुम्ही लिहिलंय. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. या हिशेबाने तेरा माणसांचं झालं १,७५५ लिटर. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. म्हणजे रोज १,४०० लिटर सांडपाणी त्याच आवारात जिरतंय, आणि शेजारी प्लॉटिंग होऊन इमारती आल्या असतील तर त्यांचं वेगळंच. विहीर तीच आहे, भोवतालचं सगळं बदललंय.

माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या तालुक्याच्या गावी आईच्या घरामागे आड होता. पाणी काचेसारखं, चवीला गोड. पाहुणे तांब्याभर जास्त पिऊन जायचे. मी दुसऱ्यांच्या गावांचं पाणी तपासत हिंडायचो, पण घरचा आड तपासायचं कधी मनात आलं नाही. एका श्रावणात गेलो, तेव्हा बॅगेत एचटूएसच्या दोन बाटल्या उरल्या होत्या. छोटी बाटली असते, आत औषध लावलेली कागदी पट्टी. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि ठेवून द्यायचं. पाण्यात मैल्यातले जंतू असतील तर ते पाणी काळं पडतं. एक बाटली आडाच्या पाण्याने भरली, दुसरी उकळून गार केलेल्या पाण्याने. दोन्ही देवघराच्या खिडकीत ठेवल्या. सकाळी आई फुलं घेऊन आली आणि तिथेच थांबली. एक बाटली होती तशीच, दुसरी काजळासारखी काळी. आई काही बोलली नाही. ज्या तांब्यात देवासाठी पाणी भरलं होतं, तो तिने बाहेर नेऊन तुळशीत ओतला. त्या दिवसापासून आमच्या घरी पाणी उकळायला लागले. आमचा शोषखड्डा आडापासून पंचवीस फुटांवर होता. मी अभियंता, आणि रोज त्याच्यावरून चालत होतो.

चव, वास, रंग यांवरून पाण्यातले जंतू कळत नाहीत. तुमच्या भागात हे फार लांबचं उदाहरण नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी झालेल्या जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले. आकडा दोनशेच्या पुढे गेला. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा पोटात संसर्ग करणारा जंतू सापडला आणि दूषित पाण्याकडे बोट गेलं. त्यात २०१७ आणि २०२१ साली महापालिकेत आलेल्या गावांमधलाही परिसर होता; विहिरीच्या आणि टँकरच्या पाण्याची चर्चा तेव्हा घरोघरी झाली. तुमच्या विहिरीत तसं काही आहे असं मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय मला ते कळणार नाही, आणि भावजींनाही कळणार नाही.

म्हणून ताई, जोडणीचा अर्ज भरण्याआधी पाणी तपासून घ्या. पुण्यात राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे, खासगी मान्यताप्राप्त प्रयोगशाळाही आहेत. जंतूंच्या तपासणीसाठी त्यांच्याकडून निर्जंतुक बाटली आणायची; घरची धुतलेली बाटली चालत नाही. नमुना घेतल्यावर बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. ई-कोलाय, नायट्रेट, क्षारांचं प्रमाण (टीडीएस) आणि कठीणपणा एवढं तपासायला सांगा. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय अजिबात असता कामा नये. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं. आत्ता उन्हाळ्यात एक नमुना द्या आणि पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाल्यावर दुसरा. वरची घाण खाली धुऊन जाते ती याच दिवसांत. उन्हाळ्यातला अहवाल चांगला आला, तर तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

नायट्रेटचं वेगळं सांगतो, कारण घरात पाच महिन्यांचं बाळ आहे. ते फक्त आईच्या दुधावर असेल, तर उत्तमच. पण वरच्या दुधाची पावडर विहिरीच्या पाण्यात कालवली जात असेल, तर नायट्रेट जास्त असलेलं पाणी इतक्या लहान जिवाला धोक्याचं ठरतं. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं, तसं त्याचं प्रमाण वाढतं. जंतूंसाठी मात्र उकळणं पक्कं. खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट राहू द्यायचं. तेव्हा अहवाल येईपर्यंत मोठ्यांनी उकळलेलं पाणी प्यावं आणि बाळासाठी काय वापरायचं ते बाळाच्या डॉक्टरांना विचारावं. यासाठी भावजींची संमती लागत नाही. हे आजपासून सुरू करा.

तुमच्या आवारात वाद पाण्याच्या जोडणीवरून पेटलाय. माझ्या मते आधी ड्रेनेजचं ठरवा. पाणी कुठलं प्यायचं, हा ज्याच्या त्याच्या घराचा प्रश्न होऊ शकतो. मैला तसा नसतो. तुमच्या टाकीचं पाणी भावजींच्या विहिरीत जाऊ शकतं, त्यांच्या टाकीचं तुमच्या स्वयंपाकघरात येऊ शकतं आणि तिघांचं मिळून शेजाऱ्याच्या बोअरला लागू शकतं. विहीर जपायची असेल, तर तिच्याभोवतालच्या तिन्ही टाक्या बंद व्हायला हव्यात. भावजी ज्या विहिरीसाठी अडून बसलेत, तिला ड्रेनेजची जोडणी वाचवू शकते, आणि हे त्यांना बहुधा कुणी समजावून सांगितलेलं नाही. त्यांच्या कानावर आतापर्यंत 'आता विहीर कशाला' एवढंच पडलं असणार.

आता भावजींच्या हरकतींकडे येऊ, कारण त्या पोकळ नाहीत.

'ड्रेनेज पावसाळ्यात घरात उलटणार.' ही भीती खरी आहे, आणि तुमचं घर उताराला असल्यामुळे ती तुम्हालाच सर्वांत जास्त लागू पडते. पहिली गोष्ट पातळीची. रस्त्यातल्या चेंबरचा तळ तुमच्या न्हाणीघराच्या जमिनीपेक्षा पुरेसा खाली आहे का? क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याला बोलावून किंवा जाणत्या प्लंबरकडून लेव्हल ट्यूब (पातळी बघायची पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून हे मोजून घ्या. चार इंची पाइपला साधारण सत्तावन्न फुटांना एक फूट उतार लागतो, सहा इंचीला शंभर फुटांना एक फूट. तुमच्या घरापासून रस्ता समजा दीडशे फूट असेल, तर सहा इंची पाइपला दीड फूट उतार नुसत्या अंतरातच जाणार. तेवढा मिळत नसेल, तर मागच्या बाजूने दुसऱ्या गल्लीत लाइन आहे का, ते पाहायचं. उतार नसताना दामटून टाकलेली लाइन दर महिन्याला तुंबते आणि मग सगळे म्हणतात, ड्रेनेजच वाईट.

दुसरी गोष्ट, लाइन उलटते ती बहुतेक वेळा पावसाच्या पाण्यामुळे. लोक गच्चीचे पाइप आणि अंगणाची जाळी सरळ ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडतात. मैल्यासाठी टाकलेल्या लाइनीत अख्ख्या वस्तीचा पाऊस शिरला की सखल घरांतून तो वर येतो. तुमच्या आवारातलं पावसाचं पाणी या लाइनीला अजिबात जोडू नका. उलट विहिरीभोवती मुरवायची सोय करता आली तर करा, गच्चीवरचं स्वच्छ पाणी गाळून. शिवाय तुमच्या शेवटच्या चेंबरजवळ उलट पाणी रोखणारा झडपेचा व्हॉल्व्ह बसवून घ्या आणि तो हाताने उघडून साफ करता येईल अशा जागी ठेवा. दर वैशाखात एकदा उघडून बघायचा.

तिसरी गोष्ट कुणी विचारत नाही, पण तुम्ही विचारा: रस्त्यातली लाइन चालू झालीय का, आणि ती कुठे जाते? पाइप गाडलेले असतात, पण पुढची मुख्य वाहिनी जोडायची राहिलेली असते. अशा लाइनीला घाई करून घर जोडलं, की मैला पुढच्या चेंबरमध्ये साचतो आणि तिथून रस्त्यावर येतो. नव्या गावांमध्ये कुठे कुठे लाइन शुद्धीकरण केंद्रापर्यंत न जाता जवळच्या नाल्यातच सोडलेली असते. आपल्या विहिरीतला मैला काढून मुठेत सोडला, एवढ्यानं समाधान मानू नये. तिघा भावांच्या सह्यांनी लेखी विचारा आणि पोच घ्या. लाइन अजून चालू नसेल, तर तोपर्यंत टाक्या उपसून दुरुस्त करून घेणं हाच मार्ग.

'पाणी एक दिवसाआड येणार.' येऊ शकतं. वितरणाच्या टोकाला असलेल्या भागांत दाबही कमी असतो. म्हणून जमिनीखालची टाकी बांधून घ्या. दोन दिवसांचं पाणी मावेल एवढी तिघांत मिळून एक किंवा घराघराची. महापालिकेच्या लाइनीला मोटर थेट लावू नका. ते बेकायदेशीर आहे, पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी बाजू. मोटर पाणी ओढते तेव्हा पाइप बाहेरचंही ओढतो. जोडाला कुठे चीर असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर ते सगळं आत येतं. पाणी बंद असतानाच्या तासांतही रिकाम्या पाइपात असंच काहीबाही झिरपतं. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली, ती पाण्यातूनच पसरली होती. तेव्हा नळाला आलं म्हणजे शुद्ध, असं धरून चालू नका. धाकट्या भावजींनाही हे सांगा. नळाच्या पाण्याचा फायदा असा, की त्यात क्लोरीन घातलेलं असतं आणि ते आहे की नाही, हे घरच्या घरी बघता येतं. ग्रामपंचायतीच्या काळात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर क्लोरीन बघायची ओटी चाचणी करायचे, आठवत असेल. दोन थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायचं. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. विहिरीच्या बाबतीत ती राखण रोज स्वतः करावी लागते, आणि चाळीस वर्षांत ती रोज कुणी केली असेल असं मला वाटत नाही.

नळाचा पाइप आणि ड्रेनेजचा पाइप एकाच चरात घालू नका. प्लंबर खोदाई वाचवण्यासाठी तसं सुचवेल. दोन्हींत जमेल तेवढं, शक्यतो दहा फूट अंतर ठेवा. जिथे ओलांडावंच लागेल तिथे पाण्याचा पाइप वर आणि ड्रेनेजचा खाली. मी एका वस्तीत काविळीच्या तक्रारीवरून गेलो होतो. चेंबरचं झाकण उचललं, तर मैल्याच्या मधोमध आडवा गेलेला अर्ध्या इंचाचा नळाचा पाइप, गंजून खवले निघालेले. आम्ही तो हातमोजा घालून नुसता चोळला आणि बोट आत गेलं. त्या पाइपावर सात घरं पाणी भरत होती.

विहिरीचं पाणी आणि नळाचं पाणी घरातल्या पाइपांतही एकत्र येऊ देऊ नका. एकच टाकी, एकच पाइप आणि मधे एक कॉक, असली जोडणी नको. विहिरीला वेगळी टाकी आणि वेगळा नळ: बागेला, धुण्याला, संडासाच्या फ्लशला. म्हणजे विहीर वापरात राहते, पंप चालू राहतो आणि एखाद्या आठवड्यात नळाला पाणी आलंच नाही, तर आधार राहतो. विहीर बुजवायची नाही. हे शब्द तुम्ही भावजींसमोर आपणहून, सगळ्यात आधी उच्चारा.

'पट्टी वाढेल.' वाढेल. पण जोडणी घेतली नाही म्हणून ती पूर्ण वाचेल, हा समज तपासून घ्या. मिळकत कराच्या बिलात पाणी आणि मलनिस्सारणाशी संबंधित काही रकमा असतात, त्या तुमच्या नळावर अवलंबून नसतात. सेवा त्या भागात आली, की लागू होऊ शकतात. तिघांची बिलं समोर ठेवून एकेक ओळ वाचा, न समजलेली कर विभागात विचारा. शिवाय घराजवळून मलवाहिनी गेली असेल, तर जोडणी घ्यायला लावण्याचा अधिकार कायद्याने आयुक्तांना दिलेला आहे. नोटीस आल्यावर घाईत चर खोदण्यापेक्षा आता सवडीने केलेलं बरं. खर्चाचे भाग असे: अर्जाचं शुल्क आणि अनामत, रस्ता खोदाईचं शुल्क, परवानाधारक प्लंबरची मजुरी, आवारातले पाइप आणि चेंबर. तिन्ही घरांची मिळून आवारातली मुख्य लाइन एकच टाकली, तर रस्ता एकदाच खोदावा लागेल. नळजोडणी आणि मलनिस्सारण जोडणी या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली येणाऱ्या सेवा आहेत. पोच घेतलीत, की ठरलेल्या दिवसांत काम न झाल्यास अपील करता येतं. पावसाळ्यात रस्ता खोदायला सहसा परवानगी मिळत नाही, म्हणून अर्ज या महिन्यातच करा.

आता जुन्या टाक्यांबद्दल. इथे मी तुम्हाला विनंती करतो, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला करतो. ड्रेनेज जोडल्यावर मैला टाकीतून न नेता सरळ चेंबरला न्यायचा आणि टाकी बंद करायची. त्यासाठी ती आधी मैला उपसणाऱ्या गाडीने, नळी सोडून रिकामी करायची. टाकीत माणूस उतरवायचा नाही. गाळ घट्ट झालाय, नळी खेचत नाही, 'साहेब, पाच मिनिटांत उतरून मोकळं करतो' असं कुणी म्हणालं, तरी नाही. कमरेला दोरी बांधूनही नाही. टाकीतला विषारी वायू जास्त झाला की त्याचा वासच येईनासा होतो, आणि आत उतरलेला माणूस हाक मारायच्या आत पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. अशी दोन प्रेतं मी एका बंगल्याच्या अंगणात पाहिली आहेत. एकाचा जेवणाचा डबा तसाच जिन्याखाली होता. माणसाला असं उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूंची भरपाई ३० लाख रुपये केली. पण भरपाईचा विचार करायची वेळच येऊ देऊ नका. गाळ घट्ट असेल, तर पाणी सोडून, ढवळून पुन्हा उपसायला सांगा. गाडीला दोन खेपा पडल्या तरी पडू द्या. रिकामी टाकी तशीच झाकून ठेवू नका. वरचा स्लॅब काढून, मुरूम भरून, ठोकून बुजवून टाका. अंगणात काही वर्षांनी तुमचं नातवंड धावणार आहे.

आता राहिला तुमचा खरा पेच, भावजींचा. पत्रावरून वाटतं, हा विषय आतापर्यंत दोनदा सगळ्यांसमोर निघाला आणि दोन्ही वेळा धाकट्यांनी तो काढला. थोरल्या माणसाला चारचौघांत 'तुमची विहीर घाण आहे' असं ऐकावं लागलं, की तो पाण्याचं बोलणं सोडून स्वतःच्या मानाचं बोलू लागतो. तुम्ही एकट्या जा. बाटलीतला नमुना त्यांनाच घ्यायला सांगा. विहिरीवर त्यांच्याइतका कुणाचा हक्क नाही. अहवालही त्यांच्याच नावाने येऊ दे. कागदावर काय आलं, हे त्यांनी आधी वाचावं, मग घराला सांगावं. अहवाल स्वच्छ आला, तर तेही मोकळ्या मनाने मान्य करा. टाक्यांचा प्रश्न तरीही उरतोच, आणि तो पावसाळ्यातल्या नमुन्यात पुन्हा समोर येऊ शकतो.

त्यांच्या अंगणातून लाइन न्यायची, तर ती त्यांची मेहरबानी म्हणून तोंडी ठेवू नका. आज सगळे एकमेकांचे आहेत. उद्या मुलांच्या वाटण्या होतील, कुणी भाग विकेल. साधा लेखी करार करा: लाइन कुठून जाते त्याचा नकाशा, चेंबर कुठे, तुंबली तर खर्च कोणी किती द्यायचा, दुरुस्तीसाठी आत येऊ द्यायचं. वकिलांना विचारून तो नोंदवूनही घ्या. यजमान आता नाहीत, म्हणून हे तर जरूर करा. जांभळासाठी वळसा घ्यावा लागला, तर घ्या. काटकोनात वळवू नका, वळणावर चेंबर ठेवा आणि बुंध्यापासून लांब राहा, कारण मुळं जोडातून आत शिरतात.

ज्या वाचकांच्या गावात ड्रेनेजची लाइन अजून यायचीच आहे, त्यांनीही टाकी भरायची वाट पाहू नये. साताऱ्याजवळच्या वाईत आणि नाशिकजवळच्या सिन्नरमध्ये नगरपरिषदांनी घराघरांतल्या टाक्या ठरलेल्या वेळापत्रकाने, साधारण तीन वर्षांच्या फेरीने उपसायला सुरुवात केली, आणि तो मैला नाल्यात न ओतता प्रक्रिया केंद्रात नेला जातो. आपल्या नगरसेवकाला किंवा सरपंचाला हे विचारता येतं. तोपर्यंत घराच्या कॅलेंडरवर दर तिसऱ्या वर्षाचा एक महिना लिहून ठेवा.

ताई, काम सुरू होईल त्या दिवशी तुम्ही स्वतः चराजवळ खुर्ची टाकून बसा आणि शेजारी भावजींना बसवा. पाइप टाकून झाला, की माती ओढायच्या आधी चराजवळ टेप धरून फोटो काढून घ्या. मग तुमच्या मागच्या न्हाणीघरातून एक बादली पाणी ओता, त्यात थोडी हळद कालवून. भावजींना रस्त्याजवळच्या चेंबरवर उभं करा. पिवळं पाणी अडखळत आलं, तर प्लंबरला उतार पुन्हा करायला सांगा. सरळ वाहत आलं, तर माती ओढू द्या.